औषध लागू पडले का?

“भाऊजी, औषध लागू पडतंय ना?” वाळूजहून शहरातील रुग्णालयात जाताना वहिनी आम्हांस प्रत्येक खेपेस हाच प्रश्न विचारीत. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून औषध चालू होते. तीन खेपा झाल्यावर गाठ मोजू, असे डॉक्टर म्हणत. केस गळाले, अन्नावरची वासना गेली. पण हे सोसणे सार्थकी लागते आहे की नाही, हे कोणासही सांगता येईना.

वाटेत कारखाने लागतात. तेथे लहानसा सुटा भागही तपासल्यावाचून यंत्रास जोडीत नाहीत. औषधाची पारख मात्र रोग्याच्या देहावरच व्हावी, याचे आम्हांस फार वैषम्य वाटे.

नऊ आठवड्यांनी गाठ मोजली. ती होती तेवढीच होती. औषध बदलले, आणि सुदैवाने ते लागू पडले.

पुढे आमच्या वाचनात आले, की पेशी अन्नापासून शक्ती निर्माण करते त्या कामातील एनएडीएच आणि एफएडी ही दोन द्रव्ये योग्य प्रकाश पाडला असता स्वतःच चमकतात; पहिले निळसर, दुसरे हिरवट. त्यासाठी पेशीस रंग द्यावा लागत नाही, की मारावे लागत नाही. औषधाने पेशीचा जठराग्नी बदलला, की ही चमकही बदलते. ब्रिटन चान्स यांनी 1962 साली जिवंत प्राण्यांच्या अवयवांत ही चमक मोजून दाखविली होती. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात मेलिसा स्काला व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अंगी मानवी स्तनकर्करोगाच्या गाठी वाढवून त्यांस ट्रास्टुझुमॅब हे औषध दिले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात चमकेतील फरक दोन दिवसांत दिसला. पेट तपासणीस तो बारा दिवसांतही दिसला नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी रोग्यांच्या गाठींचे सूक्ष्म कण बशीत जिवंत ठेवून त्यांवर औषधे पारखली.

हा प्रकाश मांसात फार खोल शिरत नाही, आणि बशीतील कण म्हणजे सबंध देह नव्हे, हेही खरे. ही परीक्षा अजून संशोधनाच्या दालनातच वावरते आहे.

हे सारे आम्ही वहिनींस सांगितले. त्या गहू निवडीत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “म्हणजे आधी गाठीलाच विचारायचं. मग ते नऊ आठवडे कुणाच्या वाट्याला यायचे नाहीत.”

आम्ही मान हलविली. त्यांनी सूप पुन्हा हाती घेतले.