शेळीची कास कोरडी हवी

शेळीच्या दुधावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डेंग्यूची साथ चालू होती. प्लेटलेट वाढतात म्हणून लोक दूध मागत होते, तेही कच्चंच. त्याने प्लेटलेट वाढतात याला धड पुरावा नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेला हा रोगजंतू मात्र येऊ शकतो. माल्टा बेटावर १९०५ सालीच शेळ्यांमध्ये त्याचा शोध लागला होता. तेव्हा दूध उकळून प्या. माझं काम त्याआधीचं, कासेपाशी आहे.

आमचा औशाचा भाग उस्मानाबादी शेळीच्या मूळ पट्ट्यातला. काळीभोर, काटक जात, दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर. एवढ्याशा दुधासाठी कोण काळजी घेणार? म्हशीसाठी चरवी घासतात, शेळीखाली हाताला येईल तो तांब्या धरतात.

यंदाच्या पावसाळ्यात पाहिलेली एक शेळी डोक्यातून जात नाही. कासेचा एक भाग निळा पडलेला, हाताला गार. दगडी, म्हणजे कासदाह, म्हणून घरच्यांनी लेप लावले होते. मला बोलावलं तोवर तो भाग गेला होता. मालकीण निष्काळजी नव्हती, उलट प्रत्येक धारेआधी बादलीभर पाणी ओतून कास धुवायची आणि ओल्या कासेचीच धार काढायची. रोग कशाने झाला हे छातीठोक सांगता येणार नाही, पण ओघळणारं पाणी कासेवरची घाण थेट सडाच्या टोकाशी आणतं, हे नक्की.

कास मळली असेल तरच धुवा, आणि प्रत्येक शेळीला वेगळ्या स्वच्छ फडक्याने पुसून कोरडी करा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर सोडा. गुठळी लगेच दिसते. अंगठा-तर्जनीने सड वर बंद करून उरलेली बोटं एकेक करून मिटायची. चिमटीने ओढलं की आतलं अस्तर दुखावतं. पान्ह्यासाठी करडू आधी लावायची गरज नसते, कारण शेळीचं बरंचसं दूध कासेच्या पोकळीत उतरलेलंच असतं. करडू पाजलंच तर सड पुन्हा पुसा. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. आयोडीनच्या द्रावणात सड बुडवा आणि पुढे चारा टाका, म्हणजे शेळी बसणार नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा वाद. दुधातल्या पांढऱ्या पेशींचा अंदाज घेण्यासाठी दूध आणि द्रावण मिसळून घट्टपणा पाहायची कॅलिफोर्निया चाचणी १९५७ साली गाईंसाठी निघाली. निरोगी शेळीच्याही दुधात पांढऱ्या पेशी गाईपेक्षा जास्त भरतात. वेत संपत आलं की त्या मिलिलिटरला दहा लाखांवर जाऊ शकतात. तरी चाचणीत जरा घट्टपणा दिसला की कासदाह ठरवून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात. चांगल्या शेळीला विनाकारण औषध, आणि औषधाचा अंश असलेलं ते दूध घरातली लेकरं पितात. मला याचा मनापासून राग येतो. दोन सडांची तुलना करा. एका बाजूचं दूध दुसरीपेक्षा ठळक वेगळं निघालं, तर औषध देण्याआधी निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवा. जिल्ह्यातच, उदगीरला, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.