एका मिनिटाची गोष्ट

पंचवटीतल्या दवाखान्यातून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून आज परतले. टेबलावर आडवी होताना अंग चोरलं होतं. सिस्टरनं गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावलं, मिनिटभर थांबून पाहिलं. संशयाचा पांढरा डाग नाही. झालं! एवढ्यासाठी मी तीन वर्षं ‘बघू नंतर’ म्हणत होते.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवर या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. त्यात माझ्यापेक्षा वेगळी, विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. म्हणाल्या, “ताई, मला कुठं काही होतंय?”

“होत नाही, तोवरच जायचं असतं, वहिनी. आणि पाच वर्षांनी पुन्हा.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग हळूच, “सोमवारी येता सोबत?”