४२ लिटरचा हिशेब

गेल्या कोजागरीला आमच्या घरी जमलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी दूध पिता पिता एकच विचारलं, "काका, ही माशांची पेटी केवढ्याला पडली?" आकडा सांगितला तर कुणाचा विश्वास बसेना. बँकेत उभा जन्म गेला माझा, तोंडी आकडा मलाही चालत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

जूनमध्ये सौ. अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन रोज चाला. पण मनात भीती बसली ती बसलीच. कुणी उठवलं तर चार पावलं, नाहीतर दिवसभर पलंगावर समोरच्या भिंतीकडे बघत पडून राहायचं. टीव्हीसुद्धा नको. रविवारी मोठ्या तलावावर जायचा आमचा चाळीस वर्षांचा शिरस्ता, तोही थांबला. पूर्वी भोपाळला माशाच्या आकाराच्या इमारतीत मछली घर होतं. मुलं लहान असताना तिथून बाहेर निघायला मुलांपेक्षा हीच जास्त वेळ लावायची. तेव्हा मनात आलं, तलाव नाही तर निदान त्या भिंतीपाशी थोडं पाणी आणावं.

पुण्याहून लेक म्हणाली, "बाबा, मी तयार टँक पाठवते." किंमत ऐकून मी नको म्हटलं. चिक्कूपणा म्हणा हवं तर. पण महागडी वस्तू दारात आली असती तर हिने पहिला आठवडा किमतीवरच बोलण्यात घालवला असता.

आमच्या बाग सेवनियातल्या काचवाल्याकडून १८ बाय १२ बाय १२ इंचांची पेटी सिलिकॉन लावून करून घेतली, ८०० रुपये. हिशेबाने त्यात ४२ लिटर पाणी मावतं, पण तळची माती आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात तीसच्या आसपास. तरी सगळं मिळून पन्नास किलोच्या घरात वजन जातं, म्हणून जुनं लोखंडी टेबल घेतलं आणि पेटीखाली थर्माकोल. जागा अशी निवडली की उशीवरून थेट दिसावी, पण खिडकीचं ऊन पडू नये. ऊन पडलं की काचेवर हिरवं शेवाळ माजतं.

तळाला बागेतली साधी माती चाळून इंचभर. शेणखत किंवा युरिया पडलेली माती मुळीच नको. तिच्यावर दीड इंच वाळू. गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथून दोन घमेली नर्मदेची वाळू मागून आणली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावं. फसफसली तर तिच्यात चुना आहे. ही रीत काही माझी नाही. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड बाईंनी १९९९ साली यावर पुस्तकच लिहिलंय: खाली माती, वर वाळू, झाडं भरपूर, यंत्रं कमी.

झाडांचे २५० रुपये. लांब पात्यांची व्हॅलिसनेरिया आणि आपल्या तलावांत उगवते तीच हायड्रिला. हवेचा पंप आणि स्पंजचा फिल्टर ३५०. नऊ वॅटचा पांढरा एलईडी दिवा होल्डरसकट १५०, तो रोज आठ तास लावायचा. थर्मामीटर ६०. विजेचं म्हणाल तर दिवा आणि पंप मिळून महिन्याला साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवली आणि तिच्यावर हळूहळू धार सोडली, नाहीतर सगळा चिखल वर येतो.

दुकानदार म्हणाला, "अंकलजी, पानी भरिए और शाम को मछली डाल दीजिए." मी नाही टाकले. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो त्यांना विषच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पेटीत वसावे लागतात. नायट्रेट झाडं खातात. पाणी नितळ दिसलं म्हणजे तयार झालं असं नाही. एका मित्राच्या जुन्या टँकमधला स्पंज आणून आमच्या पेटीत पिळला. हिने पलंगावरून विचारलं, "हे काय, विरजण लावताय?" अगदी बरोबर, विरजणच ते.

पाच आठवडे पेटीत मासा नव्हता. काचेवर तपकिरी थर आला, जुनी पानं सडली, झाडांबरोबर आलेल्या दोन गोगलगाई तेवढ्या फिरायच्या. येणारे-जाणारे हसायचे. ही मात्र सकाळी उठल्या उठल्या सांगायची, "अहो, डावीकडून नवीन पातं आलंय."

ऑगस्टअखेर सहा गप्पी आणल्या, वीस रुपयांना एक. आमच्या बोअरच्या पाण्याने गीझर क्षाराने भरतो, पण गप्पींना असंच जड पाणी मानवतं. मी फक्त नर आणणार होतो, कारण जोड्या आणल्या की पिल्लांना सुमार नाही. ही म्हणाली, "सगळे पुरुषच? त्याला काय घर म्हणायचं?" मग दोन नर, चार माद्या.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी मी आत झोपलो होतो. वॉकरची टकटक ऐकून धावत बाहेर आलो. ही एकटीच टेबलापाशी उभी, नाक काचेला लावून. म्हणाली, "ओरडू नका. हायड्रिलाच्या मागे पिल्लं आहेत. पलंगावरून दिसत नव्हती." अकरा मोजली. आई-बापच पिल्लं खातात, म्हणून तिला त्या झाडीची काळजी. त्या दिवसानंतर मोजणी रोजची झाली, सकाळ-संध्याकाळ, आणि मोजायला उभं राहावंच लागतं.

पन्नास रुपयांचं खाणं धरून तेव्हापर्यंत १,७८० झाले. डिसेंबरात पाण्याचा पारा १८वर उतरला तेव्हा ४५० रुपयांचा छोटा हीटर घेतला. तिथे काटकसर नको. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलतो आणि काढलेलं पाणी मोगऱ्याला जातं.

पिल्लं आता तिसाच्या वर गेलीत. कुणाला हवी असतील तर बरणी घेऊन या, पण आधी पाच आठवडे पेटी तयार करा, त्याशिवाय ही देणार नाही. आणि जास्त झाली म्हणून तलावात किंवा नाल्यात सोडू नका. बाहेरचा मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो, आणि आपला मोठा तलाव २००२पासून रामसर यादीत आहे. संध्याकाळी सहानंतर याल तर बरं. त्याआधी आम्ही दोघं कॉलनीच्या फाटकापर्यंत चालायला गेलेलो असतो.