टपावरचं भांडण

तर झालं असं, की जूनअखेरीस लिथुआनियात, विल्नियसहून निघतानाच आमचं वाजलं. विषय नेहमीचाच, पुण्याला परत जायचं की नाही. पानेवेझिस, बाउस्का, रीगा... गाडीत फक्त जीपीएस बोलत होता.

लाटवियात वाल्मिएराच्या पुढे जंगलात मुक्काम. टपावरचा तंबू उघडला, शिडी लावली. रूफ टेंटमध्ये भांडणं फार अवघड हो! रुसून गाडी काढावी तर अख्खं घर डोक्यावर. खाली बसावं तर डास. रात्री साडेदहालाही उजेड, त्यामुळे झोपेचं सोंगही जमेना.

शेवटी बायकोनेच मोबाईलवरचं वाचून दाखवलं. २३ ऑगस्ट १९८९, हिटलर-स्टॅलिन कराराला ५० वर्षं झाली तो दिवस. विल्नियस ते तालिन, म्हणजे आमच्याच वाटेवर, सहाशेहून जास्त किलोमीटर, सुमारे २० लाख माणसं हातात हात धरून उभी राहिली. तीन देश, मागणी एकच, स्वातंत्र्य. १९९१ मध्ये ते मिळालंसुद्धा.

"आणि आपल्याला दीड फूट जास्त होतंय," ती म्हणाली.

मी गुपचूप हात पुढे केला.

असो. पुण्याचा प्रश्न अजून तिथेच आहे. पण दुसऱ्या दिवशी तालिनपर्यंत जीपीएसचं कुणी ऐकलं नाही. दोनदा रस्ता चुकलो.