चौरस खोलीतला डग्गा

परसवाड्याचं आमचं जुनं घर मातीच्या जाड भिंतींचं आणि कवेलूंचं. तिथे बाबांचे स्पीकर स्वच्छ वाजायचे. शेजारी स्लॅबची खोली बांधली, तेच स्पीकर तिथे मांडले आणि तबला बिघडला. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढला की चढणारा सूर मध्येच एका जागी भसकन फुगायचा आणि लगेच ओसरायचा. बाबा म्हणाले, "स्पीकर म्हातारे झाले रे, बदल आता." मला संशय खोलीचा होता.

खोली 12 बाय 12 फूट. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण 349 मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत त्याची पहिली उभी लाट बसते ती 47-48 हर्ट्झला, दुसरी 95च्या आसपास. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही दिशांच्या लाटा एकाच सुरावर येऊन पडतात. कवेलूंच्या फटींतून खर्ज बाहेर निघून जायचा. स्लॅब आणि प्लास्टर तो आतच फिरवत ठेवतात.

मोजण्यासाठी यूएसबी माइक मागवला. त्याच्या नंबरची कॅलिब्रेशन फाइल सोबत मिळते, ती नसेल तर आलेख भरवशाचा नाही. जॉन मलकाही यांचं 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खुर्चीवर कानाच्या उंचीला माइक ठेवायचा, 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा. पंखा बंद हवा. पावसाळ्यात रात्री बांध्यांतले बेडूक मोजू देत नाहीत, म्हणून पहाट गाठली.

आलेखात 95जवळ डोंगर उभा होता. नुसता उंच नव्हे: स्पीकर थांबल्यावरही तो सूर खोलीत रेंगाळत होता. बाबांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, आणि या लाटा भिंतीशीच सर्वांत जोरात असतात. खुर्ची साडेचार फूट पुढे ओढली. स्पीकर बाजूच्या भिंतींपासून तीन-तीन फुटांवर घेतले, कारण खोलीच्या पाव रुंदीवर ठेवलेला स्पीकर रुंदीच्या दिशेची ती दुसरी लाट उठवतच नाही. पैसा न लागता डोंगर निम्म्याहून खाली आला. उरलेल्यावर कॉम्प्युटरमध्ये एक अरुंद फिल्टर लावून 5 डेसिबल कापले.

आलेखात खड्डेही होते. ते भरायचा मोह होतो, पण भरू नयेत असं माझं ठाम मत आहे. 10 डेसिबल भर म्हणजे अॅम्प्लिफायरकडून दहापट ताकद. आणि भिंतीवरून परतणारा आवाजही तेवढाच वाढून तिथे पुन्हा खड्डा पाडतो. भिंतीवर आईच्या गोधड्या टांगल्या, त्यांनी टाळीनंतरची झणझण गेली. खर्जावर मात्र गोधडीचा काही उपयोग नाही, इतक्या लांब लाटेला ती फार पातळ पडते.

मग काळी एकचा तानपुरा लावला. त्याची खर्जाची तार 69 हर्ट्झची. ती आता जोडीच्या तारांवर कुरघोडी करत नव्हती. तबल्याची तबकडी लागली तेव्हा बाबा पुढे झुकून बसले. घिस्सा तळापासून वरपर्यंत सलग गेला. "हा डग्गा," एवढंच म्हणाले.

स्पीकर विकायला काढण्याआधी खुर्ची भिंतीपासून सोडवून पाहा. आणि ऐकण्यासाठी नवी खोली बांधत असाल तर मिस्त्रीला आजच सांगा: चौरस नको, एक बाजू दोन फूट वाढव.