प्रोसेसर नेमकं काय करतोय?

'टॉप' ही कमांड प्रोसेसर शंभर टक्के व्यस्त दाखवते आणि ऑफिसात नव्या सर्व्हरची भाषा सुरू होते. आकडा खोटा नसतो. त्याचा अर्थ मात्र एवढाच, की त्या काळात ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसरवर कुठला ना कुठला प्रोग्रॅम चढवून ठेवला होता. प्रोग्रॅमचं काम पुढे सरकलं का, हे त्यातून कळत नाही. कारकून खुर्चीत हजर, मस्टरवर सहीही झालेली, फाईल मात्र वरच्या मजल्यावरून अजून यायचीच आहे. प्रोसेसरची अवस्था पुष्कळदा अशीच असते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला रॅमपर्यंतची एक फेरी साधारण दोन-तीनशे सायकलींना पडते. तेवढा वेळ तो डेटाची वाट बघत बसला, तरी हिशेबात त्याची नोंद 'व्यस्त' अशीच होते.

लिनक्सवरची 'पर्फ' ही कमांड यातलं काम वेगळं काढते आणि खोळंबा वेगळा. 'पर्फ स्टॅट' लिहून पुढे आपल्या प्रोग्रॅमचं नाव टाकायचं. प्रोग्रॅम संपला की खाली एक छोटा तक्ता उमटतो: सायकली किती गेल्या, इन्स्ट्रक्शन किती पूर्ण झाल्या, ब्रँच किती आल्या आणि त्यांतल्या कितींचा अंदाज चुकला. हे आकडे सॉफ्टवेअरने घड्याळ बघून काढलेले नसतात. प्रोसेसरच्या आत मोजणीसाठीच राखलेले काउंटर असतात, ते वाचून ते आलेले असतात.

या कामात मुरलेला माणूस सगळ्यांत आधी बघतो तो दर सायकलीमागे पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शनचा भागाकार. आजचे प्रोसेसर एका सायकलीत चार किंवा त्याहून जास्त इन्स्ट्रक्शन उरकू शकतात. नेटफ्लिक्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ साली एक ढोबळ नियम मांडला होता: भागाकार एकच्या खाली असेल, तर बहुधा मेमरीशी गाठ आहे, एकच्या वर असेल, तर कोडमधल्या इन्स्ट्रक्शन कमी करायला घ्या. नियम ढोबळच आहे. पण शंभर टक्के व्यस्त दिसणाऱ्या मशीनवर हा भागाकार ०.३ निघाला, की सर्व्हरखरेदीची चर्चा थोडी थांबवायला हरकत नसते.

हे काउंटर सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती सहजासहजी आलेले नाहीत. १९९३ च्या पेंटियममध्ये इंटेलने असे दोन काउंटर बसवले. त्यांची माहिती मात्र गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यांपुरतीच ठेवली. तेऱ्ये मॅथिसन या नॉर्वेजियन प्रोग्रॅमरने ती स्वतः खोदून काढली आणि जुलै १९९४ च्या 'बाइट' मासिकात छापली. लिनक्सवर पुढची बरीच वर्षं मिकाएल पेटर्सन यांचं 'पर्फसीटीआर' आणि स्तेफान एरानियाँ यांचं 'पर्फमॉन' असे पॅच बाहेरून जोडून काम भागवलं जाई. डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोल्नार यांनी सर्वस्वी वेगळी रचना पुढे केली, आणि सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ या कर्नलमध्ये ती दाखलही झाली. एरानियाँ यांच्या कित्येक वर्षांच्या कामाला बगल देऊन हे घडलं, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना बोचली. प्रस्तुत लेखकाला निर्णय कठोर वाटतो, पण सोयीचाही. पर्फ कमांडचा कोड कर्नलच्याच सोर्समध्ये राहू लागला, आणि नवा प्रोसेसर आला की दोन्ही बाजू एकत्र सुधारू लागल्या.

पर्फचं पाणी जोखायला एक छोटा प्रयोग पुरतो. ० ते २५५ मधल्या ३२,७६८ यादृच्छिक संख्यांचा ॲरे घ्यायचा, १२८ किंवा त्याहून मोठ्या तेवढ्याच संख्यांची बेरीज करायची, आणि हीच फेरी हजारो वेळा फिरवायची. मग ॲरे आधी सॉर्ट करून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. बेरीज तीच, इन्स्ट्रक्शन जवळपास तेवढ्याच. तरी सॉर्ट केलेल्या ॲरेवर तो कित्येक पट लवकर संपतो. सायकली सोडल्या, तर तक्त्यात बाकी सगळं सारखं दिसतं आणि चुकलेल्या ब्रँचच्या ओळीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. विस्कटलेल्या संख्यांवर 'मोठी की लहान' हा प्रोसेसरचा अंदाज निम्म्या वेळा फसतो, आणि प्रत्येक फसलेल्या अंदाजाला पंधरा-वीस सायकली वाया जातात. सॉर्ट केल्यावर तो जवळजवळ कधीच चुकत नाही.

आता हाच प्रयोग कंपायलरला भरपूर ऑप्टिमायझेशन करायला सांगून करावा. पुष्कळदा फरक नाहीसा होतो, कारण कंपायलरने ती ब्रँचच काढून टाकलेली असते. मित्रांना चकित करायला बसलेल्याची पंचाईत होते; पण धडा खरा इथे आहे. 'सॉर्ट केलं की वेग वाढतो' हे वाक्य पाठ करणाऱ्याला ही दुसरी फेरी कोड्यात टाकते. ब्रँचची ओळ वाचणाऱ्याला कोडं पडत नाही: ब्रँच उरलीच नाही, मग ती चुकणार कुठून?

मेमरीची गोष्ट याहून रोजच्या कामातली. प्रोसेसर रॅममधून एकेक संख्या आणत नाही. बहुतेक मशीनवर एकदम ६४ बाइटची एक कॅशे लाइन आणतो. म्हणजे दुहेरी अचूकतेच्या आठ संख्या. सी भाषेत मॅट्रिक्स ओळीने साठवलेलं असतं. ते ओळीने वाचलं तर एका खेपेत आठ संख्यांचं काम होतं. स्तंभाने वाचलं, तर मोठ्या मॅट्रिक्सवर जवळजवळ प्रत्येक संख्येसाठी नवी खेप. फोर्ट्रानमध्ये साठवण नेमकी उलटी, स्तंभाने. हवामानाच्या मॉडेल्सचा फार मोठा भाग आजही फोर्ट्रानमध्ये आहे, आणि पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आधी 'प्रत्यूष' आणि २०२४ पासून 'अर्क' हे महासंगणक अशा मॉडेल्ससाठीच उभे आहेत. सी शिकून आलेला पोरगा फोर्ट्रानमध्ये लूप उलटे लिहितो तेव्हा उत्तर बरोबर येतं. चाचणीत काहीही सापडत नाही. प्रोग्रॅम फक्त रेंगाळतो, आणि का रेंगाळतो ते पर्फकडे मागितलेल्या कॅशेच्या आकड्यांतच दिसतं.

इथपर्यंत वाचून पर्फ म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र वाटेल. तसं नाही. काउंटर थोडे असतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीत हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक थ्रेडला तीन ठरावीक आणि चार मोकळे काउंटर मिळतात, आणि त्यांतला एक लिनक्सचा 'वॉचडॉग' बहुधा आधीच अडवून बसलेला असतो. एका दमात दहा इव्हेंट (मोजायच्या घटना) मागितले, की कर्नल ते आळीपाळीने मोजतो आणि उरलेल्या वेळाचा आकडा त्रैराशिकाने भरून काढतो. तक्त्याच्या उजव्या टोकाला कंसात छोटी टक्केवारी दिसते, ती याचीच कबुली. तिथे २५ टक्के लिहिलं असेल, तर तो इव्हेंट पाव वेळच मोजला गेला. थोडक्यात आटपणाऱ्या प्रोग्रॅमवर असा आकडा धरून निष्कर्ष काढू नये.

नावंही फसवतात. पर्फमधला 'कॅशे मिसेस' हा इव्हेंट इंटेलच्या प्रोसेसरवर शेवटच्या पातळीच्या कॅशेतल्या चुका मोजतो, तर ६४ बिटांच्या एआरएमवर पहिल्या पातळीच्या. लॅपटॉपचा आकडा एआरएम सर्व्हरच्या आकड्याशेजारी मांडून आलेख काढणारे भेटतात. आलेख सुंदर असतात.

'पर्फ रेकॉर्ड' ठरावीक अंतराने नमुने घेतं आणि 'पर्फ ॲनोटेट' कुठल्या इन्स्ट्रक्शनवर किती नमुने पडले ते दाखवतं. काउंटर भरल्याची सूचना पोचेपर्यंत प्रोसेसर थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून दोष शेजारच्या निरपराध बेरजेच्या माथी बसतो. इंटेलची पेब्स आणि एएमडीची आयबीएस ही सोय यासाठीच आहे. इव्हेंटच्या नावापुढे कोलन आणि 'पी' लिहिलं की ती वापरली जाते. नमुने सेकंदाला १०० ऐवजी ९९ घेण्याची ग्रेग यांची सवयही उचलण्याजोगी. प्रोग्रॅममधलं एखादं काम सेकंदाला बरोबर १०० वेळा होत असेल, तर १०० च्या चालीने घेतलेले नमुने दर वेळी त्याच जागी पडतील, किंवा दर वेळी ती जागा चुकवतील.

सगळ्यांत अस्वस्थ करणारा पुरावा २००९ सालचा. मित्कोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी या संशोधकांनी दाखवलं, की प्रोग्रॅमला हातही न लावता नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची लांबी बदलली, तरी वेग बदलतो, कारण त्यामुळे स्टॅकची मेमरीतली जागा सरकते. 'माझ्या बदलाने प्रोग्रॅम पाच टक्के सुधारला' असं सांगणाऱ्याने निदान पर्फ स्टॅटला फेऱ्या अनेक वेळा करायला सांगावं आणि सरासरीशेजारी येणारा फरकाचा आकडाही दाखवावा. पाच टक्क्यांची सुधारणा आणि फेऱ्याफेऱ्यांतला फरक सहा टक्के, अशी कहाणी असेल तर ती ऐकवू नये.

प्रस्तुत लेखकाच्या मते या कलेचा गाभा कमांडच्या पर्यायांत नाही. कमांड चालवण्याआधी आपला तर्क कागदावर लिहून ठेवावा: 'ब्रँच चुकत असणार, दर शंभरातल्या दहा.' मग त्याला खोटं पाडू शकेल असे तीन-चारच इव्हेंट निवडावेत. तर्काशिवाय चालवलेलं पर्फ पानभर आकडे देतं, आणि त्यांतून हवी ती गोष्ट रचता येते. लिहिलेला तर्क फसतो तेव्हा मात्र शोध निदान एका दिशेने बंद होतो. तज्ज्ञ आणि नवशिक्या यांच्यात फरक आहे तो इथे. तज्ज्ञाचे तर्क कमी फसतात असं नाही, तो ते लवकर टाकून देतो.

सुरुवात करणाऱ्याला दोन अडथळे हमखास भेटतील. पहिला परवानगीचा: काउंटरवरून दुसऱ्याच्या प्रोग्रॅमची गुपितं ओळखता येतात, म्हणून ४.६ पासूनच्या कर्नलवर सामान्य वापरकर्त्याला सहसा स्वतःच्या प्रोग्रॅमचा कर्नलबाहेरचा भागच मोजता येतो, आणि उबुंटूने तर 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' या सेटिंगचा आकडा आणखी वर नेऊन ठेवला आहे. दुसरा अडथळा क्लाउडचा: भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर हार्डवेअरचे काउंटर पुष्कळदा पोचतच नाहीत आणि सायकलींच्या ओळीत 'नॉट सपोर्टेड' छापून येतं. तिथे डोकं फोडू नये; घरातला जुना लॅपटॉप लिनक्स टाकून वापरावा. उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांवर पर्फ 'लिनक्स-टूल्स' या पॅकेजात मिळतं, आणि तिथे पॅकेजची आवृत्ती चालू कर्नलशी जुळणारी लागते.