मोटेचा नाडा

मोशीतल्या आमच्या मळ्यात मोट थांबली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. विहिरीवर इंजिन बसलं, चाक विकलं गेलं, मोट गोठ्यात पालथी पडली. राहिला तो नाडा. मनगटाएवढा जाड, घायपाताचा, पाण्यानं आणि बैलांच्या ओढीनं काळपट झालेला. भाऊबिजेच्या दुपारी आजोबांनी तो खळ्यावर आणून टाकला आणि म्हणाले, "लेकी एकीकडं, सुना एकीकडं. ओढा."

आमच्या घरच्या स्पर्धा तिथून सुरू झाल्या. पुढं लिंबू-चमचा आला, लंगडी आली, पोरांची पोत्यातली शर्यत आली. पण जीव सगळ्यांचा रस्सीखेचीत.

वर्षभर आई आत्याशी डोक्यावरचा पदर सावरत, खालच्या आवाजात बोलायची. "वन्सं, चहा टाकू का?" त्या दुपारी मात्र पदर कमरेला खोचून ती आत्याच्या समोर उभी राहायची आणि सुनांना ओरडून सांगायची, "हातानं नको गं, टाचेनं ओढा!" आईला असा आवाज आहे, हे मला खळ्यावर पहिल्यांदा कळलं. मी तिच्या मागं नाड्याचं शेपूट धरून उभी असायचे. तळहात सोलून निघायचे, पण सोडवत नसे.

तिचं ते टाचेचं म्हणणं किती खरं, हे फार उशिरा उमगलं. दोराला ताण दोन्हीकडं सारखाच असतो, निकाल लावते ती जमिनीवरची पकड. कंबर खाली, अंग मागं आणि टाचा मातीत रुतलेल्या असल्या, की माणूस हलत नाही. हा खेळ १९०० ते १९२० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होता. १९०८ साली लंडनला लिव्हरपूल पोलिसांच्या जड बुटांवर अमेरिकेच्या संघानं हरकत घेतली होती. हे वाचलं तेव्हा मला आईच्या भेगाळलेल्या, अनवाणी टाचा आठवल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला मला आत्याच्या बाजूला उभं राहावं लागलं. समोर आई. माझ्यानं जोरच लागेना. सुना जिंकल्या, ओरडा झाला, आणि रात्री भांडी घासताना आई म्हणाली, "सैल सोडलंस ना? असं परत करू नको. वर्षातनं एकदा ओढायला मिळतं मला."

त्या वाक्यानं मी आतून हलले. पुढच्या वर्षापासून मी जीव तोडून ओढलं.

१९९७ मध्ये मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. मग हळूहळू विहीर बुजली, खळ्यावर इमारत उभी राहिली, भाऊ चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाऊ लागले. भाऊबिजेला सगळे जमेनात, म्हणून स्पर्धा नंतरच्या गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, इमारतीच्या पार्किंगमध्ये ठेवली. पण गुळगुळीत फरशीवर टाचा रुतणार कशा? दोन्ही बाजू नुसत्या घसरत राहिल्या. आई खुर्चीवरून बघत होती. म्हणाली, "माती शोधा आधी." तेव्हापासून आम्ही मागच्या मोकळ्या प्लॉटवर जातो. आदल्या दिवशी भाचे तिथले खडे-काचा वेचतात, पाणी मारतात.

नाडा आतून कुजला होता. ताणात दोर तुटला तर माणसं जायबंदी होतात, म्हणून भावानं नवा सुती दोर आणला. जुन्यातला वीतभर तुकडा कापून आईनं तो नव्या दोराच्या मधोमध, खुणेच्या रुमालाच्या जागी, स्वतःच्या हातानं बांधला.

आता तिला उभं राहवत नाही. सुनांच्या रांगेच्या शेवटी, जरा बाजूला तिची खुर्ची असते. यंदा मी लेकींमध्ये पहिली होते. टाचा रोवल्या, अंग मागं टाकलं, होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. समोरून आईचा आवाज आला, "टाचेनं गं, टाचेनं!" आणि तो काळपट तुकडा माझ्यापासून इंच-इंच लांब जाऊ लागला. पलीकडं मोकळा झालेला दोर आईच्या पायाशी येऊन पडत होता, वेटोळ्यावर वेटोळं.